पांढरीचं लेकरू, काळीचं लेकरू

बिभीषण नावाची माणसं आमच्या बीड जिल्ह्यात जितकी सापडतील, तितकी लंकेतही सापडली नसती. तिथं एकच होता, आणि तोही पक्ष बदलून गेला. तेलगावच्या बाजारात उभं राहून "ओ बिभीषण!" अशी हाक मारा, निदान चार टोप्या वळतील. पण 'इंग्रजीचे बिभीषण' म्हटलं की माणूस एकच. उंच, किंचित वाकलेला, शर्टाच्या खिशाला लाल पेनाचा कायमचा डाग, आणि चेहरा असा की एसटी मिळाली काय किंवा चुकली काय, बघणाऱ्याला पत्ता लागू नये.

साखर कारखान्याच्या शिक्षणसंस्थेनं काढलेल्या आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवायचो आणि तो इंग्रजी. म्हणजे माझ्याकडे पोरं असायची आणि त्याच्याकडे विषय. वर्षाच्या पहिल्या दिवशी मात्र त्याचा वर्ग खच्चून भरायचा, कारण तो फळ्यावर मोठ्या अक्षरात 'रोमँटिक कविता' असं लिहायचा. कॉमर्सची पोरंसुद्धा मागच्या बाकावर येऊन केस सारखे करत बसायची. मग बिभीषण बोलायला लागायचा आणि तासाभरात सगळ्यांच्या ध्यानात यायचं की ह्या रोमँटिक लोकांचं जे काही आहे ते डोंगराशी आहे, ओढ्याशी आहे, आणि प्रकरण फारच पुढं गेलं तर थेट देवाशी आहे. दुसऱ्या दिवशी वर्गात ज्यांना खरोखर गत्यंतर नाही तेवढेच उरायचे.

त्या उरलेल्यांत भारत नावाचा एक होता. त्यानं सरांना तोंडावर विचारलं होतं, "सर, देवावर प्रेम करायला इंग्रजी कावून लागतंय? आमची आजी तर आंगठा लावून करती."

"देवाला लागत नाही," बिभीषण म्हणाला होता. "विद्यापीठाला लागतंय."

बिभीषणाची एक कविता ठरलेली होती. दोनशे वर्षांपूर्वीच्या, आता कुणी फारसा वाचत नाही अशा कवीची. गोष्ट साधीच. दूरच्या एका मुलखात गोऱ्या मळेवाल्याचा मुलगा आणि त्याच मळ्यात राबणाऱ्या गुलाम बाईचा काळा मुलगा, दोघे एकाच तापानं जातात आणि एकाच वाटेनं चालत देवाच्या घरी पोचतात. देव दाराशी डोळे मिटून बसलेला असतो. प्रेम करायला डोळे लागत नाहीत, असं कवीचं म्हणणं. देव दोघांचे हात हातात घेतो, हा माझा म्हणतो, हाही माझा म्हणतो, आणि दोघांना आत घेतो. कविता संपली. मग बिभीषण फळ्यावर दोन मुद्दे लिहायचा, एक 'वांशिक समता' आणि दुसरा 'दैवी प्रेम', आणि पोरं ते उतरवून घ्यायची.

उतरवून घेण्यावरही सगळ्यांचा भरवसा नसायचा. बरेचजण परळीला मिळणाऱ्या एका गाईडावर विसंबून. त्या गाईडकर्त्यानं डिक्शनरीत 'रेस' हा शब्द पाहिला, पहिलाच अर्थ उचलला आणि पुढं गेला. त्यामुळे एका वर्षी आमच्या कॉलेजातल्या निम्म्या उत्तरपत्रिकांत एकच वाक्य होतं: देवाच्या प्रेमापुढे सर्व शर्यती समान आहेत. एकानं तर पुढं स्वतःच्या बुद्धीनं भर घातली होती, की कवीच्या मते बैलगाडीच्या शर्यतीतही भेदभाव नसावा. बिभीषणानं त्याला अर्धे गुण दिले. मी विचारलं, "अर्धे कशाचे?" तर म्हणाला, "भेदभाव नसावा हे तर बरोबर लिहिलंय ना बे."

एकदा स्टाफरूममध्ये चहा घेता घेता मात्र तो वेगळंच बोलून गेला. "सगळं ठीक आहे रे. पण शेवटची ओळ बघितलीस का? आत जाताना गोरं पोरगं पुढं जातं. काळं मागून जातं आणि दार लावून घेतं. कवी भला माणूस होता, त्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही. समता सगळी झाली आणि दार लावायचं काम शेवटी त्याच्याकडंच."

"मग वर्गात सांगतोस का हे?"

"परीक्षेला विचारत नाहीत," तो म्हणाला आणि कप धुवायला गेला.

आता बिभीषणाच्या आईची ओळख करून द्यायला पाहिजे. चंद्रभागाबाई. आमच्या भागातल्या हजारो बायकांसारखी दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर 'कारखान्याला' जायची. आमच्याकडे कारखान्याला गेला म्हणजे नोकरीला लागला असं कुणी समजत नाही. कोयता घेऊन परमुलखात ऊस तोडायला गेला, असा त्याचा अर्थ. तिकडं नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. लग्नात पत्रिका दोघांच्या जुळवायच्या आणि कामाला उभं राहिलं की दोघं मिळून लोखंडाचं एक हत्यार.

तिला दोन मुलगे. थोरला शहादेव उसाच्या फडात जन्मला. धाकटा बिभीषण श्रावणात, गावी, घरात जन्मला. आल्यागेल्याला दोघांची ओळख ती एकाच वाक्यात करून द्यायची: "ह्यो काळीचा, आन् ह्यो पांढरीचा." परका माणूस दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत राहायचा, कारण रंगानं दोघे एकाच तव्यावर भाजलेले. पण खेड्यात काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे जिथं गाव वसलंय ती जागा. एक शेतात झालेला, एक गावात झालेला, एवढंच त्या माउलीला सांगायचं असायचं.

गंमत म्हणजे दोघांनीही तिचा शब्द जन्मभर पाळला. पांढरीचा आजीजवळ राहिला, शाळेत गेला, कॉलेजात गेला, इंग्रजीत एम.ए. झाला आणि तेलगावजवळच्या आपल्याच गावात त्यानं सिमेंटचं घर बांधलं. काळीचा बैलगाडीत बसून आईबापाबरोबर ऊस तोडायला गेला, तो पुढं बाप वारल्यावरही जातच राहिला. मोसम संपला की गावी यायचा आणि बायकोपोरीला घेऊन शेतातल्या सपरात राहायचा.

भावाकडं यायचा, पण पायरीवर बसायचा. बिभीषण म्हणायचा, "दादा, आत ये की."

"नगं. आंगाला उसाची कूस लागलीया. खुर्च्यांला चिकटंल."

मोसम संपून दोन महिने झालेले असायचे, तरी उसाच्या पानांवरची ती खाजरी कूस लागलेलीच. बिभीषणाची बायको सत्यभामा चहा पायरीवर आणून द्यायची. कधी पाण्याचा तांब्या घ्यायला तो आत गेलाच, तर बाहेर येताना दार सताड उघडं टाकून यायचा. "दादा, कुत्रं शिरतंय ना आत!" सत्यभामा ओरडायची. शहादेव ओशाळून बिभीषणाकडं बघायचा आणि म्हणायचा, "सवय न्हाई बग." झालं. दोघा भावांचं बोलणं एवढंच. एकानं शब्दांचा धंदा केला होता आणि दुसऱ्याला त्याची गरज पडली नव्हती.

मग तो दुष्काळ आला. आला म्हणजे काय, पाऊस आला नाही आणि त्या रिकाम्या जागेवर हा येऊन बसला. माजलगावच्या धरणाचा तळ उघडा पडला, परळीच्या थर्मलच्या चिमण्यांचा धूर थांबला. आमच्याकडे सहकाराशिवाय पान हलत नाही, पण त्या वर्षी हलायला झाडांवर पानच नव्हतं. आमचा कारखाना उसावाचून बंद. शहादेव मात्र नेहमीप्रमाणे दूरच्या कारखान्याला गेला होता. संक्रांतीच्या आधल्या आठवड्यात तिकडं उसाची ट्रॉली उलटली. शहादेव वर बसला होता.

जीपमधून आणलं त्याला. बाहेर वारलेल्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, अशी आमच्याकडची रीत. कुणीतरी म्हातारं माणूस तसं म्हणालं. अंगणात पायरीजवळ ठेवलं. म्हणजे तो जिथं बसायचा तिथंच.

चंद्रभागाबाई रडली नाही. बिभीषणही रडला नाही. दाढ काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतात ना, मग गाल आपलाच असतो, पण चावला तरी आपल्याला त्याचं काही देणंघेणं नसतं. तसं ते घर झालं होतं. शहादेवची बायको छबुबाई लेकीला घेऊन गेवराईकडं माहेरी गेली. दहावा-तेरावा आटोपून बिभीषण कॉलेजात आला आणि रिकाम्या वर्गाची हजेरी घेऊ लागला. नाव घ्यायचा, थांबायचा, पुढचं नाव घ्यायचा. मी दारातून बघत होतो. चहात एकदा त्यानं दोनदा साखर घातली, एकदा मीठ घातलं. दोन्ही वेळा पिऊन टाकला.

वर्ग रिकामा होता, कारण पोरं छावणीत होती. भागातल्या दूध संस्थेनं गावाबाहेरच्या माळावर जनावरांची छावणी उघडली होती. चेअरमन भगवानराव उद्घाटनाला आले, एका वासराच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला आणि भाषणात म्हणाले, "ह्या छावणीत जातपात मुळीच न्हाई!" टाळ्या पडल्या. त्यानंतर लोकांनी आपापल्या आळीप्रमाणे दावणी बांधल्या. समता पाळली ती फक्त जनावरांनी. ती रात्री दावं सोडवून कुणाच्याही गव्हाणीत तोंड घालायची.

चंद्रभागाबाईनं घरची एकुलती गाय, तांबडी, छावणीत नेली. नोंद करताना कारकुनानं घाईत मालकाची जात आणि जनावराची जात ह्या दोन रकान्यांत गडबड केली, आणि चंद्रभागाबाई कागदोपत्री लाल कंधारी झाली. एरवी तिनं ह्या गोष्टीवर वर्षभर गाव हसवलं असतं. त्या दिवशी नुसतं ऐकून घेतलं.

आणि छावणीत गेली ती परत येईचना. पोतं अंथरून तांबडीजवळ पडून राहायची. खा म्हटलं की खायची, पी म्हटलं की प्यायची. चल म्हटलं की मात्र नाही. कॉलेज सुटलं की मी मोटारसायकल काढायचो, बिभीषण मागं बसायचा आणि आम्ही माळावर जायचो. रोजचा संवाद ठरलेला.

"चल माय, घरी."

"तांबडीला कोण बगंल?"

"मी बघतो."

"तुला धार काढता येती का?"

"ती आटलीया, माय. धार कुठली?"

"मंग तर लईच अवघड काम. तुला जमायचं न्हाई."

आणि पुन्हा उसाचे तुकडे करून तांबडीपुढं टाकायला लागायची. चारा म्हणून छावणीत ऊसच यायचा, दुरून, ट्रक भरून. एक कांडं हातात धरून ती तोडलेल्या टोकाकडं बराच वेळ बघायची. मग गायीला द्यायची.

सत्यभामा डबा घेऊन यायची. ती जरा फटकळ. "आत्याबाई, घर काय चावतंय का तुमाला? पंखा हाय, कूलर हाय. लोक मला काय म्हणत्याल?"

"लोक बी हितंच हायती," चंद्रभागाबाई म्हणाली. "काय म्हणत न्हाईत."

चैत्र लागला, ऊन फोडून काढायला लागलं आणि एका दुपारी ती दावणीतच कोसळली. छावणीत डॉक्टर होता तो जनावरांचा. त्यानं पळत येऊन आधी डोळ्याची पापणी ओढली आणि सवयीनं शेपटी शोधली, असं भारत नंतर सांगायचा. पण माणूस समजूतदार होता. पाणी मारलं, साखरमीठ पाजलं, ती शुद्धीवर आल्यावर बिभीषणाला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, वय झालंय. अजून वैशाख यायचाय. ह्यांना छपराखाली, गारव्याला न्या. पुन्हा अशा पडल्या तर उठतील याची मी काही हमी देत नाही."

"उचलून नेऊ या," मी बिभीषणाला म्हणालो.

"नेऊ की," तो म्हणाला. "रात्रीतून चालत परत येईल. वाटेतच पडेल." हे तो असं म्हणाला, जणू एसटीचं वेळापत्रक सांगतोय. मला त्याच्या आवाजाची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी भारत आडवा आला. परीक्षा तोंडावर. "सर, सगळी पोरं हितंच हायती. हितंच शिकवा की. जनावरांला बी कळू द्या रोमँटिक काय आसतंय ते."

तर असा तो तास माळावर झाला. हिरव्या जाळीच्या मांडवाखाली, तांबडीच्या दावणीशेजारी, कारण सावली तिथंच होती. पाचसहा पोरं पेंडीच्या पोत्यांवर बसली. चंद्रभागाबाई पाठ करून ऊस तोडत होती, खट्, खट्. बिभीषणानं पुस्तक उघडलं. "भारत, गोष्ट कुठपर्यंत आली होती, सांग."

भारत उठला. "दोन लेकरं आसतेत सर. एक पांढरं आन् एक काळं."

"गोरं म्हण."

"तेच वो. एक पांढरं, एक काळं. दोघं बी मरतेत."

खट् थांबलं.

"कोण कोण?" चंद्रभागाबाईनं विचारलं. "पांढरीचं लेकरू आन् काळीचं लेकरू?"

पोरं हसली. भारत म्हणाला, "न्हाई आजी, जमिनीचं न्हाई. रंगाचं हाय. इंग्रजी हाय ते."

बिभीषणानं हात वर केला आणि पोरं गप्प झाली. मला कळलं तो का थांबला. संक्रांतीपासून त्या बाईनं स्वतःहून कुणाला एक प्रश्न विचारलेला नव्हता. विचारल्याचं उत्तर तेवढं द्यायची.

"हो माय," तो म्हणाला. "पांढरीचं आन् काळीचं."

ती कोयती मांडीवर ठेवून वळून बसली. "एकाच मायची?"

बिभीषण क्षणभर पुस्तकाकडं बघत राहिला. "तसं लिहिलेलं नाही. पण मळा एकच होता. ताप बी एकच."

"मंग?"

"मग दोघं चालत देवाच्या घरी गेले. देव दाराशी बसला होता. डोळे मिटून."

"कावून? झोपलाय का?"

"नाही. कोण काळा, कोण गोरा ते त्याला बघायचंच नाही. म्हणून मिटलेत. तो नुसता हात हातात घेतो."

चंद्रभागाबाईनं स्वतःचा तळवा समोर धरला, उलटा-सुलटा केला. "हात धरल्यावर तर कळंलच की. पांढरीच्याचा हात मऊ. काळीच्याच्या हाताला कोयत्याचे घट्टे. डोळे झाकून काय उपेग झाला?"

"आजी, आसं लिव्हलं तर मार्क जातेत," भारत हळूच म्हणाला.

"जाऊ दी बे मार्क," बिभीषण म्हणाला. वर्गात त्याच्या तोंडून 'बे' मी पहिल्यांदा ऐकला. मग आईकडं वळून, "कळलं, माय. त्याला घट्टे लागले हाताला. तरी म्हणाला, हा माझा. आन् हा बी माझा."

"आन् आत घेतलं?"

"घेतलं."

"उंबऱ्याच्या आत?"

सत्यभामा डबा घेऊन आली होती, ती जागीच उभी राहिली.

"उंबऱ्याच्या आत," बिभीषण म्हणाला.

तिनं मान हलवली. समाधान झालं असं नव्हे, ऐकलं एवढंच. मग विचारलं, "आदी कोण गेलं आत?"

आता हा प्रश्न. परीक्षेला कधी न येणारा. खोटं सांगायला काय लागत होतं? दोघं बरोबरच गेले, म्हटलं असतं. काळीचं आधी गेलं, म्हटलं असतं. पोरांनी कुठं शेवटची ओळ नीट वाचली होती? मी त्याच्याकडं डोळ्यांनी खुणावलंसुद्धा. पण हा इंग्रजीचा मास्तर. छापलेल्या ओळीपुढं त्याचं काही चालत नाही.

"पुस्तकात पांढरीचं आधी गेलं, माय. काळीचं मागून गेलं. आन् त्यानं दार लावून घेतलं."

"कुणी लिव्हलंय?"

"होता एक साहेब. दोनशे वर्षं झाली."

"मंग त्याला कुणी नीट सांगितलं न्हाई. चुकलंय त्याचं." ती अगदी शांतपणे म्हणाली, तांबडीनं आज कमी खाल्लं असं सांगावं तशी. "काळीचं आदी गेलंय. पांढरीचं ह्ये काय हितं बसलंय माज्याम्होरं, पुस्तक घिऊन."

पोरं खाली बघायला लागली.

"आन् दार बी त्यानं लावलेलं न्हाई. सारा जलम कोपीत गेला त्याचा. पाचटाची कोपी, तिला दार आसतंय का कुठं? दार लावायचं आसतंय हेच ठावं न्हाई त्याला. सत्यभामा उगं वरडायची." तिनं सत्यभामेकडं बघितलंसुद्धा नाही, तक्रारही नव्हती. "उगडंच आसंल बग आजून."

बिभीषणानं पुस्तक मिटलं. मला वाटलं, आता इंजेक्शन उतरणार. आता हा रडेल, ती रडेल, आणि आम्ही सगळे सुटू. तसं काही झालं नाही. तांबडीनं पुढं होऊन पुस्तकाचा कोपरा चघळून बघितला आणि सोडून दिला.

भारतला राहवलं नाही. "सर, म्हंजी आता कसं लिव्हायचं? काळं आदी गेलं आसं?"

"लिही."

"आन् मार्क?"

"जातील."

भारतनं मान डोलावली आणि वहीत काहीतरी खरडलं. बाकीच्यांनीही खरडलं. गाईडवाली पिढी, पण त्या दिवशी कुणी गाईड काढलं नाही.

मग बिभीषण उठून आईपाशी पोत्यावर बसला. मांडीला मांडी लावून. "चल माय, घरी," रोजच्यासारखंच म्हणाला.

तिनं मांडीवरची कोयती पोत्याखाली सारली. मग म्हणाली, "चलते. पर दार लावायचं न्हाई."

"कुठलं?"

"घराचं. त्यानं तिकडं उगडं ठिवलंय, आन् आपुन हिकडं कडी घालून बसायचं व्हय?"

"नाही घालत कडी."

"रातच्याला बी न्हाई."

"बरं."

"तांबडीला कोण बगंल?"

"मी हाय की आजी," भारत म्हणाला. "मला धार बी काढता येती."

"ती आटलीया बे," चंद्रभागाबाई म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात जुना तिखटपणा जरासा चमकून गेला, विस्तवावरची राख वाऱ्यानं हलावी एवढाच.

आम्ही तिला मोटारसायकलवरून नेलं. पुढं मी, मागं बिभीषण, मधे चंद्रभागाबाई. कॉलेजचे दोन प्राध्यापक ट्रिपल सीट जाताना बघून भगवानरावांनी जीप थांबवली आणि हात जोडले. अंगणात उतरल्यावर ती सरळ आत गेली नाही. पायरीवर बसली. शहादेव बसायचा त्या टोकाला. सत्यभामेनं चहा पायरीवरच आणून दिला. चहा संपवून, गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि उंबरा ओलांडून आत गेली. कूलरसमोर झोपली ती दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत.

गावाला चर्चेला विषय मिळाला. मास्तरच्या घराचं दार रात्रंदिवस उघडं. कुणी म्हणालं देवाला नवस बोललेत, कुणी म्हणालं कडी तुटलीय आणि पगार नाही. चोर आला नाही. आला असता तरी इंग्रजी पुस्तकांशिवाय काय नेणार होता? कुत्रं मात्र आलं, सत्यभामेनं भाकीत केलं होतं तसंच. एक पांढरं आलं, काही दिवसांनी एक काळं आलं. दोघंही दिवाणाखाली झोपायची. बिभीषणानं मला ते अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. थट्टा करतोय की काय, मला अजून कळलेलं नाही.

भारत पास झाला. त्यानं परीक्षेत काय लिहिलं ते सांगत नाही. विचारलं की म्हणतो, "पास हाय ना सर?"

बिभीषण अजूनही तीच कविता शिकवतो. रडला असेल तर माझ्यासमोर नाही. हजेरी घेताना मधेच थांबतो, मग पुढचं नाव घेतो.

पाऊस लांबलेल्या त्या जूनमध्ये एका संध्याकाळी मी त्याच्याकडं गेलो होतो. दिवेलागणीची वेळ. माळावरून वावटळ उठली आणि सगळी धूळ घरात यायला लागली. पेपरांचा गठ्ठा उडाला. सत्यभामा स्वयंपाकघरातून पदर नाकाला लावत धावत आली आणि सवयीनं दाराकडं गेली. हात कडीवर पडला. आतल्या खोलीत चंद्रभागाबाई वाती वळत होती. खाली पडलेले पेपर गोळा करणाऱ्या बिभीषणानं वर बघितलं नाही.

सत्यभामेनं कडी सोडली. अंगणात जाऊन पायरीजवळची एक वीट उचलून आणली आणि वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून त्याला नीट टेकवून ठेवली. मग झाडू घेऊन धूळ काढायला लागली.